अर्ध्या शहाण्याचा पूर्ण न्याय

पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांची नावे आपल्याकडे मुलांनाही पाठ असतात. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण. नाना फडणीस मात्र अर्धा, कारण बुद्धी असली तरी तलवार त्याच्या हाती शोभली नाही. गेल्या वर्षी हा धडा शिकवीत असता वर्गातल्या एका मुलाने मला विचारले, "सर, पण नाना चांगला होता की वाईट?" तास संपल्याची घंटा झाली, म्हणून मी वाचलो. प्रश्न मात्र घरापर्यंत माझ्याबरोबर आला.

आमचे अमळनेर हे साने गुरुजींनी ज्या गावात शिकविले ते गाव. येथे माणूस मोजायचा तो त्याच्या अंतःकरणाच्या मापाने. मुत्सद्द्याला हे माप लावावे की नाही, हा खरा पेच आहे. आणि मराठी रंगभूमीने तो दोन टोकांनी सोडविला आहे.

पहिले टोक खाडिलकरांचे. 'सवाई माधवरावाचा मृत्यु' या नाटकात त्यांनी केशवशास्त्री हा कल्पित कारस्थानी आणला आणि अनर्थाचे मोठे ओझे त्याच्या माथी दिले. नाटक म्हणून योजना देखणी आहे. पण त्यामुळे एक अवघड प्रश्न नानाच्या दारावरून तसाच पुढे जातो. ज्या पोराला त्याने जन्मापासून सांभाळले, त्याला मोकळा श्वास घेऊ दिला का? १७९५ साली खर्ड्याचा विजय झाला आणि त्याच वर्षी एकवीस वर्षांचा पेशवा शनिवारवाड्यात वरून पडून मेला. या दोन गोष्टी एकाच पालकाच्या खात्यावर मांडाव्या लागतात.

दुसरे टोक तेंडुलकरांचे. 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली पुण्यात रंगमंचावर आले आणि केवढे वादळ उठले! त्यातला नाना पोरीच्या मोबदल्यात कोतवाली देतो आणि काम सरताच त्याच कोतवालाला जमावाच्या हवाली करतो. सत्ता आपले हत्यार कसे घडविते आणि कसे फेकते, हे त्या माणसांच्या भिंतीने जसे दाखविले तसे दहा व्याख्यानांनी दाखविता येणार नाही. आपण इतिहास लिहीत नाही, हे लेखकाने स्वतःच सांगितले आहे. तेव्हा पुराव्यांची काठी घेऊन त्यांच्या मागे लागणे अरसिकपणाचे होईल. माझी तक्रार वेगळी आहे. राज्याच्या चिंतेने रात्र जागविणारा नाना त्या नाटकात नाही. चिंता नसलेली सत्ता रंगविणे सोपे असते. चिंता करीत करीत क्रूर होणारा माणूस रंगविणे कठीण.

हा पेच केवळ आपलाच नाही. प्राचीन चीनमध्ये राज्ये एकमेकांशी झुंजत होती, तेव्हा छी राज्यात मंगछांग नावाचा सरदार होता. त्याच्या पदरी हजारो आश्रित. एकाने कोंबड्यासारखे आरवून नाक्याचे दार वेळेआधी उघडविले आणि धन्याचे प्राण वाचविले. स्-मा छियेन या इतिहासकाराने ही हकीकत नोंदविली. पुढे हजारावर वर्षांनी वांग आन्‌-श या मुत्सद्दी लेखकाने तीच उलटी वाचली: असल्या भुरट्यांचा जो पुढारी, त्याच्या दारी खरे गुणी येतील कशाला? गोष्ट एकच, निकाल दोन. निकालात वाचणाऱ्याचा काळही बोलत असतो.

मग नानाला न्याय कोण देणार? मला वाटते, त्याने स्वतःच एक वाट दाखविली आहे. त्याचे छोटे आत्मचरित्र वाचावे. त्यात तरुणपणीच्या वासनेची कबुली आहे आणि १७६१चे पानिपत आहे. एकोणिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरचा हा पोर जीव घेऊन परतला. आई मात्र तेथेच अंतरली. पुढे बारभाईंच्या कारभारात, इंग्रजांशी सालबाईच्या तहापर्यंत चाललेल्या झगड्यात, हेरांच्या जाळ्यात आणि त्या बाळ पेशव्यावरच्या पहाऱ्यात मला तोच भ्यालेला पोर दिसतो. त्या भयाने राज्य राखले आणि त्याच भयाने घर कोंडले. खाडिलकरांना त्यातले राखणे दिसले, तेंडुलकरांना कोंडणे. भय मात्र दोघांच्याही हातून निसटले.

मी स्वतः नानावर कादंबरी लिहावयास घेतली होती. सहा प्रकरणे झाली होती. त्यांत त्याची एकही चूक नव्हती! त्या मुलाच्या प्रश्नानंतर ती काढून वाचली आणि पुन्हा फडताळात ठेवून दिली. निर्दोष नाना लिहिणारा मी कोणत्या तोंडाने दुसऱ्याच्या नाटकात उणे काढणार?

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितले, "बाळ, तो घाबरलेला होता आणि फार हुशार होता. अशा माणसाच्या हाती राज्य आले की काय वाचते आणि काय मोडते, ते आपण मोजू."

मुलाने वही उघडली आणि दोन रकाने आखले. आता ती सहा प्रकरणे मला तशीच दोन रकान्यांत लिहावयाची आहेत.