तळोजा परिसर आणि आच्छादन विश्लेषण : गुणमूल्यांच्या बेरजेची चिकित्सा

भौगोलिक माहिती प्रणालीत निरनिराळे नकाशा-स्तर परस्परांवर ठेवून त्यांतील गुणमूल्ये एकत्र करण्याच्या पद्धतीस आच्छादन विश्लेषण म्हणतात. इयान मॅकहार्ग यांनी १९६९ साली आपल्या ग्रंथातून पारदर्शक नकाशांच्या आधारे ही पद्धत लोकप्रिय केली, तेव्हा निर्णय अभ्यासकाच्या नजरेस घ्यावा लागे. आज तो संगणक घेतो, आणि बहुतेकदा त्याची उलटतपासणी होत नाही.

पनवेल तालुक्यातील तळोजा परिसर या दृष्टीने उद्बोधक आहे. येथे महसुली गावे, औद्योगिक वसाहत, सिडकोचे नियोजित क्षेत्र आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेची हद्द यांच्या सीमा एकमेकींना छेदतात. २०११ च्या जनगणनेच्या वेळी ही महानगरपालिका अस्तित्वातच नव्हती; त्यामुळे तिच्या हद्दीतील लोकसंख्या काढताना जुन्या स्तरांची जुळणी करावीच लागते.

समजा, १०० हेक्टरच्या एका गावाची लोकसंख्या १००० असून ४० हेक्टर क्षेत्र औद्योगिक वसाहतीत गेले आहे. क्षेत्रफळाच्या प्रमाणात विभागणी केल्यास ४०० माणसे कारखान्यांच्या जागेत राहतात असे उत्तर येते. प्रत्यक्षात वस्ती गावठाणात असते. शिवाय लोकसंख्या विभागता येते, साक्षरतेची टक्केवारी येत नाही; ६० टक्क्यांचे २४ टक्के करणे निरर्थक होय. आज्ञावलीला मात्र दोन्ही स्तंभ सारखेच अंक वाटतात.

भारांकित आच्छादनात अडचण अधिक गंभीर होते. नदीपासूनचे अंतर, उतार, भूमी-उपयोग यांना १ ते ५ गुण देऊन त्यांची सरासरी घेतली जाते. वस्तुतः हे गुण केवळ क्रम दर्शवितात. क्रमदर्शक मापनश्रेणीची सरासरी काढण्यावर एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्येच आक्षेप नोंदविला होता. कासाडी नदीच्या काठावरील भूखंडास सान्निध्यासाठी ५ आणि सौम्य उतारासाठी १ गुण मिळाला, तर समान भार धरता निष्कर्ष ३, म्हणजे ‘मध्यम धोका’! रासायनिक सांडपाण्याच्या तक्रारी ज्या नदीबाबत वारंवार झाल्या, तिच्या काठी सपाट जमीन हा दिलासा कसा ठरतो, हे अनाकलनीय आहे. अशा ठिकाणी सरासरीऐवजी सर्वोच्च गुण ग्राह्य धरणे अधिक समर्थनीय.

प्रस्तुत लेखकास सर्वाधिक खटकते ती रिकाम्या रकान्यांची हाताळणी. जेथे हवेची मोजणी झालीच नाही, तेथील रकाना शून्य मानला गेला, की ते गाव नकाशावर हिरवे दिसते. मोजणी नसणे आणि प्रदूषण नसणे यांतला हा भेद गावकऱ्यांच्या दृष्टीने क्षुल्लक नाही. पुढील पाहणीची ठिकाणे अशाच नकाशांवरून ठरू शकतात. म्हणून ‘माहिती नाही’ हा स्वतंत्र वर्ग अंतिम स्तरापर्यंत टिकवावा, मूळ स्तंभ पुसू नयेत, आणि लोकसंख्येची विभागणी गावनकाशावरील गावठाणाच्या सीमेनुसार करावी. भूमी अभिलेख विभागाकडील गावनकाशे त्यासाठी उपयोगी पडतात. अंकीकरणाचे काम वेळखाऊ आहे, इतकेच.