पान उलटणारा डेव्ह

डेंजरस डेव्ह खेळलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं, की तो मुळात एका मासिकाचा मजकूर होता. जॉन रोमेरोने 1988 साली तो ‘अपटाइम’ या अमेरिकी मासिकासाठी रचला. हे मासिक कागदावर निघत नसे. वर्गणीदाराच्या घरी फ्लॉपी यायची. लेख, प्रोग्राम, खेळ सगळं तिच्यातच. ॲपल टूसाठी रोमेरोने ग्राबेसिक नावाचं साधन लिहिलं होतं. त्यावरच्या लेखाला उदाहरण हवं, म्हणून डेव्ह. पुढे श्रीव्हपोर्टच्या सॉफ्टडिस्कने, म्हणजे फ्लॉपीवरची मासिकं काढणाऱ्याच दुसऱ्या कंपनीने, 1990 मध्ये त्याची पीसी आवृत्ती आणली. नागपूरजवळच्या कन्हानला पोचली ती हीच. वर्गणी अर्थातच कोणी भरली नव्हती!

वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणींच्या या गावात कॉम्प्युटर क्लास म्हणजे डॉस, वर्डस्टार आणि लोटस. सर चहाला उठले, की कोणीतरी ‘सीडी डेव्ह’ टाइप करायचा आणि खुर्चीमागे गर्दी जमायची.

पहिला पडदा नीट बघा. लाल विटा, निळे हिरे, खाली दार, वर चषक. शत्रू नाही, आग नाही. डेव्ह दारापाशी जाऊन उभा राहिला तरी काही घडत नाही. खेळ चुकलं म्हणत नाही, सूचनाही देत नाही. चषक हातात आला, की मग तळाशी ओळ उमटते: आता दारातून जा. अख्ख्या खेळाचा नियम एवढाच, आणि तो सांगितलेला नसून आपल्याकडून करवून घेतलेला. आमच्याकडे सूचनेची ती उणीव मागची गर्दी भरून काढायची, “अबे, कप घे ना पहिले!” म्हणून.

पुढे एकेक गोष्ट येते: आग, राक्षस, पिस्तूल, आणि इंधन संपणारा जेटपॅक. एकूण दहा पातळ्या. दोन पातळ्यांच्या मध्ये डेव्ह एका रिकाम्या बोळातून चालत जातो आणि वर शाबासकीसोबत किती बाकी ते लिहिलेलं असतं. मला हा बोळ फार आवडतो. तिथे मरता येत नाही. नुसतं चालणं बघायचं.

या खेळाची खरी लज्जत मात्र पडद्याच्या कडेला आहे. डेव्ह काठापाशी आला, की चित्र त्याच्यासोबत सरकत नाही. थांबून एकदम पुढचा भाग समोर येतो, मासिकाचं पान उलटावं तसा. पलीकडे काय आहे ते दिसत नसतं, उडी तर घ्यायचीच असते. आग लागली, की डेव्ह भपकन पेटतो आणि वरचा एक डेव्ह कमी होतो.

पुढे 2001 साली मुंबईहून डिजिट हे कॉम्प्युटरचं मासिक निघालं, सोबत सीडी घेऊन. खेळांसाठी त्याच घरातून स्कोअर आलं. नागपूर स्टेशनच्या स्टॉलवरून आणलेला अंक कन्हानमध्ये हातोहात फिरायचा. परीक्षण चवीने वाचायचं, मग चौकटीतलं ग्राफिक्स कार्डचं नाव बघून गप्प बसायचं. सीडीवर डेमो असायचे, पण डेमो म्हणजे मोठ्या खेळाचा तोडलेला तुकडा. रंगात आला, की विकत घ्या म्हणणार. डेव्ह मासिकाच्या मापाचा, तरी पुरता. मोठ्या कारखान्यांच्या कित्येक खेळांना हे जमलं नाही.

डेव्हचं चित्र सरकत नसे, कारण पीसीवर ते सलग सरकवणं त्या काळी अवघडच होतं. सप्टेंबर 1990 मध्ये सॉफ्टडिस्कमध्येच जॉन कार्मॅक या प्रोग्रामरने ते साधलं. त्याने आणि टॉम हॉलने मिळून सुपर मारिओ ब्रदर्स 3 ची पहिली पातळी रात्रीतून पीसीवर उतरवली, मारिओच्या जागी डेव्हला पळवलं आणि रोमेरोसाठी फ्लॉपी ठेवून दिली. तिचं नाव थट्टेने ‘कॉपीराइटभंग’ असं ठेवलेलं. त्या युक्तीवर डिसेंबरमध्ये कमांडर कीन आला, मग हीच मंडळी इड सॉफ्टवेअर होऊन 1993 मध्ये डूमपर्यंत गेली. कीन मी पुष्कळ खेळलो. तो गुळगुळीत आहे, रंगीत आहे, विनोदही बरा आहे. पण त्यात पुढची जमीन आधीच दिसते, आणि न दिसणाऱ्या जमिनीवर मारलेली उडी मला अजून जास्त आवडते.