अक्षांश-रेखांशांचा शक कोणता ?

वीरगळ, शिलालेख, घाटवाटा यांविषयींच्या टिपणांत स्थळाचे अक्षांश-रेखांश देण्याची चाल अलीकडे पडली आहे. चाल स्तुत्य आहे. 'गांवाच्या ईशान्येस, मोठ्या वडाखालीं' एवढ्यावर विसंबून कोणी शोधावयास गेला, तर वड पडलेला व रस्ता रुंदावलेला आढळतो. परंतु दशांशचिन्हापुढें सहा सहा आंकडे छापणारे लेखक ते कोणत्या डेटमवर घेतले हें सांगत नाहींत, हा या टिपणांतील मोठा दोष होय. 'सन ११५०' एवढेंच लिहिलेल्या कागदाचा काल आपण निश्चित मानीत नाहीं. तो सन शुहूर असेल तर इ. स. १७४९-५०, फसली असेल तर १७४०-४१. डेटम म्हणजे अक्षांश-रेखांशांचा शकच होय.

पृथ्वी पूर्ण वाटोळी नसल्यामुळें गणितासाठीं एक चपटा गोल कल्पून त्यावर अंश मोजावे लागतात. लॅंब्टननें १८०२ मध्यें मद्रासेजवळ आरंभिलेल्या मोजणीच्या आधारें जॉर्ज एव्हरेस्टनें १८३० मध्यें जो गोल ठरविला, त्यावर आपले जुने सर्व्हे-नकाशे रचिले आहेत. हातांतील जी. पी. एस. यंत्र मात्र, निराळें सांगितलें नसल्यास, डब्ल्यू. जी. एस. ८४ या दुसऱ्याच गोलावर आंकडे देतें.

हातखंबा येथें रत्नागिरी-कोल्हापूर मार्ग मुंबई-गोवा महामार्गास मिळतो. असा सांधा नकाशावर ओळखण्यास सोपा, म्हणून परीक्षेस आम्हीं हाच तिठा घेतला. पन्नास हजारांस एक या प्रमाणाच्या जुन्या पत्रकावर यंत्राचे आंकडे मांडले, तों बिंदु तिठ्याच्या वायव्येस जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर सरकलेला ! प्रथम आम्हीं आपल्या चष्म्यास व मग पट्टीस दोष दिला. वस्तुतः या भागांत दोन डेटमांमधील फरकच उत्तरेस सुमारें १२० मीटर व पश्चिमेस सुमारें ७० मीटर येतो. यंत्रांतील डेटम बदलतांच बिंदु तिठ्यावर येऊन बसला. कांहीं यंत्रांत भारतासाठींचें हें डेटम 'इंडियन बांगलादेश' या नांवाखालीं असतें. नांव पाहून दचकूं नये.

शिवाय हातखंबा १७ अंश अक्षांशाच्या जवळ आहे, व त्या रेषेवरच सर्व्हेचीं ४७ जी व ४७ एच हीं पत्रकें एकमेकांस मिळतात. यंत्राची १७ अंशांची रेषा नकाशाच्या रेषेहून सुमारें १२० मीटर दक्षिणेस पडते. मधल्या पट्ट्यांतील दगड 'एच' पत्रकावर असतां वाचक तो 'जी'वर शोधीत बसेल.

एवढ्यानें काय बिघडतें, असें कोणी विचारील. कोंकणांत दोनशे पावलें म्हणजे पऱ्ह्याची पलीकडची बाजू, दुसरी वाडी, कधीं दुसऱ्या गांवची शीव. दगड एकदां हलविला गेला, कीं मूळ जागेचा पुरावा म्हणून हे आंकडेच उरतात. आणि सहा दशांशांचा डौल तरी कशास ? सहावा दशांश अकरा सेंटिमीटरांचा. हातांतील यंत्र मोकळ्या आकाशाखालींही कांहीं मीटर चुकतें. १७ अंश १५ मिनिटें हें १७.१५ असें लिहिणाऱ्यानें तर स्थळ अकरा किलोमीटर हलविलें.

नकाशांच्या संग्राहकांनीं १९०५ पूर्वींच्या पत्रकांविषयीं अधिक सावध असावें. त्यांतील रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या, अधिक धरलेल्या रेखांशावर बेतलेले असून त्यांतून सुमारें २ मिनिटें २७ सेकंद वजा करावे लागतात. हा संस्कार न करितां आजचे आंकडे तेथें मांडल्यास हातखंब्याचा तिठा रत्नागिरीच्या बाजूस सव्वाचार किलोमीटरांहून अधिक सरकेल. लंका-उज्जयिनीच्या मध्यरेखेपासून देशांतर-संस्कार केल्यावांचून ग्रह स्वदेशींचा होत नाहीं, हें ज्योतिष शिकलेल्यांस नवें नाहीं; नकाशा हातीं येतांच तें विसरतें, एवढेंच. उलट २००५ च्या राष्ट्रीय नकाशा-धोरणानंतर निघालेलीं 'ओपन सीरीज' पत्रकें डब्ल्यू. जी. एस. ८४ वरच आहेत. त्यांस एव्हरेस्ट लावणें ही दुसरी चूक होईल. पत्रकाचा समास आधीं वाचावा, मग यंत्रास हात लावावा.

यापुढें टिपणांत आंकड्यांबरोबर डेटम, पत्रकाचा क्रमांक व त्याचें आवृत्तिवर्ष यावें. पूर्वीं ज्यांनीं टिपणें छापिलीं व ज्यांचें यंत्र अद्याप चालू आहे, त्यांनीं त्यांतील सेटिंग पाहून शुद्धिपत्र धाडावें, अशी आमची विनंति आहे.