शिलकी अंदाजपत्रक : एक चिकित्सा

नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाकडे अभ्यासक बहुधा आकड्यांची खाण म्हणून पाहतात. जमेचे व खर्चाचे आकडे उचलावेत, लोकसंख्येने भागावेत, दोनचार नगरांची तुलना करावी आणि कार्यक्षमतेविषयी निष्कर्ष काढावा, ही पद्धती प्रबंधांतून फार रूढ झाली आहे. अंदाजपत्रक हा मुळात एक लेख आहे, त्याची भाषा कायद्याने बांधलेली आहे आणि त्या भाषेत काही गोष्टी बोलताच येत नाहीत, ह्या साध्या वस्तुस्थितीचा त्यामुळे विसर पडतो. न बोलता येणाऱ्या ह्या गोष्टींत 'तूट' ही सर्वांत महत्त्वाची होय. विकासनिधी आटल्यानंतर नगरे तुटीला कशी तोंड देतात, ह्या प्रश्नाचा विचार येथूनच सुरू करावा लागतो. आणि तो पालघर जिल्ह्यातील सफाळे-बोईसर पट्ट्यापर्यंत नेला म्हणजे रूढ पद्धतीच्या मर्यादा विशेष स्पष्टपणे दिसू लागतात.

महाराष्ट्रातील नगरपरिषदांचा १९६५ चा अधिनियम असो, महानगरपालिकांचा १९४९ चा असो, की मुंबईपुरता १८८८ चा असो, वर्षअखेर रोख शिल्लक दाखविणारे अंदाजपत्रकच मंजूर व्हावे असा तिन्हींचा दंडक आहे. केंद्र शासन तूट दाखविते, राष्ट्रीय उत्पन्नाशी तिचे प्रमाण सांगते आणि त्या प्रमाणावर संसदेत वाद होतो. राज्य शासनाने तर २००५ च्या वित्तीय उत्तरदायित्वाच्या कायद्याने तुटीला मर्यादा घालून एका अर्थी तिला मान्यताच दिली. नगराला मात्र हा शब्द वर्ज्य. बृहन्मुंबई महानगरपालिकेचे २०२४-२५ चे अंदाजपत्रक ५९,९५४ कोटी ७५ लक्ष रुपयांचे होते आणि त्यात शिल्लक होती ५८ कोटी २२ लक्षांची. म्हणजे हजार रुपयांस एक रुपयाहून किंचित कमी. एवढ्या प्रचंड व्यवहारात इतकी बेताची शिल्लक केवळ योगायोगाने उरते, असे मानणे कठीण आहे. शिल्लक आधी ठरते आणि इतर आकडे तिच्याभोवती बसविले जातात, असे मानणेच अधिक सयुक्तिक. हे अंदाजपत्रक प्रशासकाने मांडले आणि प्रशासकानेच मंजूर केले, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या निर्वाचित सभागृहाची मुदत संपली होती व नवी निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. वसई-विरारमध्ये तर ही पोकळी जून २०२० पासून होती.

मग तूट जाते कोठे? जमेच्या बाजूस ती अपेक्षेचे रूप घेते. मालमत्ता कराची जुनी थकबाकी चालू वर्षी वसूल होईल असे गृहीत धरले जाते, मंजूर न झालेले अनुदान मिळणारच असे मानून लिहिले जाते, विकासशुल्काचा अंदाज मागील तेजीच्या वर्षावरून काढला जातो. खर्चाच्या बाजूस तिचे रूप विलंबाचे असते. ठेकेदाराची देयके ३१ मार्चच्या पलीकडे ढकलली की ती त्या वर्षापुरती नाहीशी होतात. पदे रिक्त ठेवली की वेतन वाचते. जलवाहिनीची दुरुस्ती लांबविली की दुरुस्तीचा खर्चही लांबतो. रोकड मोजणाऱ्या हिशेबात देणे हे देणे म्हणून उमटतच नाही. नळाला एक दिवसाआड पाणी येते तेव्हा नागरिक तूटच अनुभवीत असतो. फक्त ती अंदाजपत्रकात तूट ह्या नावाने नोंदलेली नसते.

शिलकीचा दंडक हा शिस्तीचा दंडक आहे, त्यामुळे स्थानिक संस्था बेसुमार कर्ज काढीत नाहीत, असा ह्यावर आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. परंतु ही शिस्त रोकडीपुरती आहे, दायित्वाला ती लागू होत नाही. म्हणूनच जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाने द्विनोंदी लेखापद्धतीची अट घातली होती. ह्या अभियानाचे उदाहरण येथे थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. कारण विकासनिधी मिळणे व तो बंद होणे ह्या दोन्ही घटनांचा नगराच्या तुटीशी असलेला संबंध त्यातून उकलतो.

३ डिसेंबर २००५ रोजी हे अभियान सुरू झाले. चाळीस लक्षांहून अधिक लोकवस्तीच्या नगरसमूहांत पायाभूत कामांच्या खर्चापैकी ३५ टक्के केंद्राने, १५ टक्के राज्याने आणि उरलेला निम्मा स्थानिक संस्थेने उभा करावयाचा होता. लहान नगरांसाठीच्या योजनेत केंद्राचा वाटा ८० टक्के होता. बदल्यात सुधारणा मागितल्या होत्या : मालमत्ता कराची वसुली ८५ टक्क्यांपर्यंत न्यावी, पाणीपुरवठ्याचा चालू खर्च पाणीपट्टीतून निघावा, नागरी जमीन धारणेवरील कमाल मर्यादेचा कायदा रद्द करावा. ह्यांपैकी शेवटची अट महाराष्ट्राने नोव्हेंबर २००७ मध्ये पुरी केली. पाणीपट्टीची अट मात्र पुरी करणे सोपे नव्हते. कारण जमिनीचा कायदा रद्द करण्यास विधिमंडळाचा एक ठराव पुरतो, पाणीपट्टी वाढविण्यास दरवर्षी मतदारासमोर उभे राहावे लागते.

येथेच प्रश्नाचे मर्म आहे. अनुदानातून जलकुंभ उभा राहतो. त्याला पाणी चढविणाऱ्या पंपाचे वीजदेयक, तुरटी व क्लोरीन, व्हॉल्व्ह फिरविणाऱ्या कामगाराचा पगार, हे सर्व नगराच्या महसुली खर्चात पडते. भांडवली अनुदान म्हणजे एका परीने भावी खर्चाचे दान होय. जोवर नवी कामे निघत आहेत तोवर हा भार जाणवत नाही. नव्या कामांच्या निधीत जुन्याची डागडुजी बेमालूम मिसळते, देखभालीची पहिली काही वर्षे ठेकेदाराच्या कराराखाली निघून जातात. निधी थांबला की पंप, कामगार आणि वीजदेयक तेवढे मागे उरतात. तेव्हा निधी गेल्यामुळे तूट आली, हे प्रचलित विधान अर्धेच खरे आहे. तूट निधीबरोबरच आली होती. निधी जाताच ती उघडी पडली. मुदतवाढीनंतर हे अभियान २०१४ मध्ये संपले. २०१५ च्या अमृत योजनेने प्रामुख्याने एक लक्षाहून अधिक लोकवस्तीची पाचशे शहरे घेतली. सर्व वैधानिक नगरांचा पाणीपुरवठा तिच्या दुसऱ्या टप्प्यात, ऑक्टोबर २०२१ मध्ये, आला. २०११ च्या जनगणनेत सुमारे ६९ हजार वस्तीचे पालघर आणि त्याहून लहान डहाणू व जव्हार ही नगरे मधल्या सात वर्षांत केंद्राच्या योजनांच्या फटीत सापडली.

ह्याच काळात नगरांचे स्वतःचे कर एकेक करून गेले. वट्टल यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक वित्त चौकशी समितीने आणि त्यानंतर जॉन मथाई यांच्या करचौकशी आयोगाने काही कर केवळ स्थानिक संस्थांसाठी राखून ठेवावेत अशी शिफारस १९५० नंतरच्या दशकाच्या आरंभीच केली होती. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान दिले; करांचा निर्णय मात्र राज्य विधिमंडळावर सोपविला. परिणाम अपेक्षित होता तोच झाला. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली, तिच्या जागी सहायक अनुदान आले. महानगरपालिकांचा स्थानिक संस्था कर ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांपुरता उठला. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर संपली आणि त्याच महिन्यात ६४७ कोटी रुपयांच्या भरपाईचा पहिला धनादेश महापालिकेस समारंभपूर्वक देण्यात आला. भरपाईत दरसाल ८ टक्के वाढीची तरतूद आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि कर आणि भरपाई ह्यांत एक गुणात्मक भेद आहे. कर बसविताना नगराला आपल्या नागरिकाशी बोलावे लागते. भरपाईसाठी मंत्रालयाशी बोलले की पुरते.

तुलनेसाठी कॅलिफोर्नियाचे उदाहरण घेता येईल. तेथे पुनर्विकासक्षेत्रात वाढलेला मालमत्ता कर १९५२ पासून स्थानिक पुनर्विकास संस्थांकडे वळविता येत असे. राज्याने कायदा करून अशा सुमारे चारशे संस्था १ फेब्रुवारी २०१२ रोजी विसर्जित केल्या. त्याच वर्षी स्टॉक्टन व सॅन बर्नार्डिनो ह्या शहरांनी दिवाळखोरीसाठी न्यायालयाकडे धाव घेतली. पुनर्विकासनिधी जाणे हे त्याचे एकमेव कारण नव्हते; निवृत्तिवेतनाचा बोजा व घरांच्या किमतींची घसरण ही कारणे कदाचित अधिक बलवत्तर होती. तथापि तेथे नगराला आपली तूट नावानिशी सांगता आली, कोणाचे किती देणे आहे ह्याची यादी न्यायालयात मांडली गेली. भारतीय नगरपालिकेला दिवाळखोरीचा असा मार्ग नाही. तिच्या वाट्याला येतो तो प्रशासक.

सफाळ्याकडे वळताना ह्या विवेचनाची परिभाषाच अपुरी पडू लागते. कारण सफाळ्याला नगरपालिकाच नाही. वैतरणा व केळवे रोड ह्या स्थानकांमधील हे पश्चिम रेल्वेचे स्थानक. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या आणि हा पट्टा मुंबईच्या दैनंदिन व्यवहाराशी अधिक घट्ट बांधला गेला. सफाळे परिसरातील उंबरपाडा-नंदाडे हे जनगणनेच्या दृष्टीने नगर आहे. पाच हजारांची वस्ती, दर चौरस किलोमीटरला चारशेची घनता आणि तीन चतुर्थांश पुरुष कामकरी शेतीबाहेर, ह्या तीन कसोट्या उतरल्या की जनगणना गावाला नगर म्हणते. कायदा म्हणत नाही. बोईसरची विसंगती तर ह्याहून ठळक आहे. तारापूरची औद्योगिक वसाहत शेजारी असलेले, २०११ मध्ये छत्तीस हजारांहून अधिक वस्तीचे बोईसर ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली वाढले, आणि त्याच जिल्ह्यातील मोखाडा, विक्रमगड व तलासरी ह्या कितीतरी लहान गावांत केवळ तालुक्याची ठिकाणे म्हणून नगरपंचायती आल्या. नागरीकरणाची व्याख्या लोकवस्तीवरून न होता कचेरीच्या पाटीवरून झाली, एवढाच ह्याचा अर्थ.

अशा गावाचा विकासनिधी कसा आटतो हे पाहण्यास वित्त आयोगांचे निवाडे उपयोगी पडतात. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० ह्या काळात ग्रामीण संस्थांसाठीचे अनुदान संपूर्णपणे ग्रामपंचायतींना दिले. पंधराव्या आयोगाच्या काळात महाराष्ट्रात त्यातील दहा टक्के जिल्हा परिषदेकडे व दहा टक्के पंचायत समितीकडे वळले. शिवाय २०२१-२२ पासून अनुदानाचा साठ टक्के भाग पाणी व स्वच्छता ह्यांसाठी बांधला गेला. मोकळा उरला तो चाळीस टक्के. ह्या अनुदानातून रस्त्यावरील दिव्यांची व पाणीयोजनांची थकलेली वीजदेयके भागवावीत, असे राज्य शासनाने २०२१ मध्ये ठरविले. एका शासनाने दिलेले अनुदान अशा रीतीने दुसऱ्या शासनाच्या वीजकंपनीकडे गेले. आकड्यांच्या दृष्टीने ग्रामपंचायतीची जमा घटली नाही. तिची स्वेच्छा घटली. दरडोई उत्पन्नाचे तक्ते करणाऱ्या अभ्यासकास हा फरक दिसणार नाही, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

घरपट्टी वाढवावी हा उपाय सुचविणे सोपे आहे. ग्रामपंचायतींना २०१५ च्या सुधारित नियमांनी भांडवली मूल्यावर कर बसविण्याचा मार्गही मोकळा झाला. परंतु रेल्वेस्थानकाजवळच्या नव्या इमारतीतील सदनिका आणि पाड्यावरील कुडाचे घर हे एकाच ग्रामसभेत एकाच कराविषयी बोलतात, आणि पहिल्यास हवे असलेले गटार दुसऱ्याच्या दारापर्यंत जाणार नसते. वसई-विरार महानगरपालिका जुलै २००९ मध्ये चार नगरपरिषदा व पन्नासहून अधिक गावे मिळून झाली तेव्हा तेथील गावांनी केलेला विरोध ह्याच संदर्भात वाचला पाहिजे. त्या विरोधास गावकीचा हट्ट म्हणून बाजूस सारणारे लिखाण झाले आहे. वस्तुतः हरित पट्टा जाईल, कर महानगराचा बसेल व सेवा गावचीच राहील, ही भीती त्यामागे होती. आणि तिला अंदाजपत्रकाच्या भाषेत मुळीच स्थान नसल्याने ती रस्त्यावर व न्यायालयात प्रकट झाली. एकोणतीस गावे वगळण्याचा प्रश्न २०११ नंतर दीर्घकाळ न्यायालयात राहिला.

निधी उभारण्याची तिसरी वाट जमिनीची. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, त्याच्या मुख्यालयाच्या इमारती सिडकोने बांधल्या आणि मोबदल्यात शासनाने तिला जमीन दिली. मुख्यालयाचे उद्घाटन ऑगस्ट २०२१ मध्ये झाले. खजिन्यातून रोकड न जाता कचेऱ्या उभ्या राहिल्या, हे ह्या योजनेचे गुण गाणारे सांगतात आणि ते खरेही आहे. परंतु त्या जमिनीवर उद्या वसणाऱ्या वस्तीला पाणी कोणी द्यावयाचे, कचरा कोणी उचलावयाचा, हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात आज मांडलेला आढळत नाही. जलकुंभाच्या बाबतीत जे घडले त्याचीच ही मोठ्या प्रमाणावरील आवृत्ती होय.

सफाळे वा बोईसर येथे नगरपंचायत अथवा नगरपरिषद व्हावी की नाही, हा प्रश्न केवळ दर्जाचा म्हणून चर्चिला जातो. हिशेबाच्या दृष्टीने त्याचे स्वरूप निराळे आहे. त्या दिवशी ग्रामपंचायतीची अनुदाने थांबतील, नागरी संस्थेची अनुदाने तिच्या निवडणुकीवर व मालमत्ता कराच्या अटींवर अवलंबून राहतील, आणि दिवाबत्तीचे देयक मात्र त्याच महिन्यात येईल. प्रशासक नव्या संस्थेचे पहिले अंदाजपत्रक तयार करील, आणि ते कायद्यानुसार शिलकी असेल.