मोजणं सोडलं, पण हिशोब सुटला का?

मंडळी, आजचा विषय जाहीर झाल्यापासून आम्हाला एकच प्रश्न विचारला जातोय: तुम्ही दीक्षितांच्या बाजूचे की दिवेकरांच्या? महाराष्ट्रात वजनाची चर्चा आता अशीच होते, निवडणुकीसारखी. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित. दिवसात दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा, मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा एवढंच चालेल, आणि रोज चाला. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर. थोडं थोडं पण दर दोन तासांनी खा, आजीच्या स्वयंपाकघरातलं खा, तुपाला घाबरू नका. एकाच घरात सासरे पहिल्या पक्षाचे आणि सून दुसऱ्या पक्षाची, असं चित्र आम्ही खूप पाहिलंय.

पण गंमत बघा. ही दोन्ही माणसं एका मुद्द्यावर एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेली आहेत. दोघंही म्हणतात, कॅलरी मोजू नका. आज आम्हाला या एकमताची चिकित्सा करायची आहे. मतभेदांची पुष्कळ झाली.

कॅलरी मोजायची ही खोड आली कुठून, ते थोडक्यात सांगतो. १८९०च्या दशकात अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं माणसाला एका बंदिस्त खोलीत ठेवून तो किती उष्णता बाहेर टाकतो हे मोजलं, आणि अन्नातल्या घटकांचे आकडे बसवले: प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅमला चार, स्निग्ध पदार्थ ग्रॅमला नऊ. पाकिटांवरचे आकडे मुळात तिथून आलेत. पुढे १९१८ साली ल्युलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंनी पुस्तक लिहून सामान्य माणसाला सांगितलं, की पावाचा तुकडा म्हणू नका, शंभर कॅलरीचा पाव म्हणा. पुस्तक तुफान खपलं. तेव्हापासून शंभर वर्षं लोक मोजतायत आणि वैतागतायत.

वैताग खोटा नाही. मुळात आकडाच डळमळीत आहे. २०१२ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी बदामांची तपासणी केली. नेहमीच्या सूत्रानं एका औंसाला १७० च्या आसपास कॅलरी येतात, प्रत्यक्ष शरीराला मिळाल्या सुमारे १२९. बाकीच्या न पचता बाहेर. म्हणजे मोजणाऱ्यानं प्रामाणिकपणे मोजलं तरी उत्तर चुकलं. आणि प्रामाणिकपणाचं म्हणाल, तर १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये 'आम्ही इतकं कमी खातो तरी वजन उतरत नाही' असं म्हणणाऱ्यांचा अभ्यास झाला. त्यांनी सांगितलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघालं. ते खोटारडे नव्हते हो. माणसाला आठवतं जेवण. भाजी ढवळताना तोंडात टाकलेले चार शेंगदाणे आठवत नाहीत.

त्यात आपलं स्वयंपाकघर. पाकिटातल्या अन्नाला बारकोड असतो, आमटीला नसतो. सहा माणसांची एक कढई, फोडणीला तेल 'अंदाजानं', एकीची भाकरी तळहाताएवढी आणि दुसरीची परातीएवढी. ॲपमध्ये 'भाकरी, एक नग' लिहून कुणाला काय कळणार? त्यामुळे 'मोजू नका' असं जेव्हा एखादा डॉक्टर म्हणतो, तेव्हा श्रोत्यांना सुटल्यासारखं वाटतं, ते अगदी साहजिक आहे.

डॉ. दीक्षितांच्या पुस्तकाचं नावच मुळी 'विनासायास वेटलॉस'. ही मांडणी त्यांनी दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून घेतली आणि तसं ते आवर्जून सांगतात. ती पसरली व्याख्यानांतून, यूट्यूबवरून, व्हॉट्सॲपवरून, फुकट. आमच्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम हेच. आहारतज्ज्ञाची फी ज्यांना परवडत नाही, अशा तालुक्याच्या गावातल्या शिक्षकाला, एसटीच्या वाहकाला त्यांनी वजनाबद्दल बोलतं केलं. नियम दोन ओळींत पाठ होतो. वजनकाटा नको, ॲप नको. एवढी साधी गोष्ट इतक्या लोकांपर्यंत पोचवणं सोपं नसतं.

मग आक्षेप कशाला आहे? पहिला आक्षेप कारणमीमांसेला. सांगितलं असं जातं, की खाल्लं की इन्सुलिन पाझरतं, वारंवार खाल्लं की वारंवार पाझरतं, इन्सुलिन चढं असलं की चरबी वापरली जात नाही. म्हणून किती वेळा खाता ते महत्त्वाचं, किती खाता ते नाही. यातला पहिला भाग पाठ्यपुस्तकातला आहे. पण त्या 'म्हणून'ला आधार कमी पडतो. साध्या भरपेट जेवणानंतर इन्सुलिन दोन-तीन तास वर राहतं, ते काही ५५व्या मिनिटाला घंटा वाजल्यासारखं खाली येत नाही. आणि ते किती पाझरतं हे काय आणि किती खाल्लं यावरही ठरतं.

आता पुरावा काय म्हणतो? शिकागोत ९० लठ्ठ माणसांवर वर्षभर प्रयोग झाला, निष्कर्ष २०२३ साली आले. एका गटाला सांगितलं, पहिले सहा महिने दुपारी १२ ते रात्री ८ मध्येच खा, मोजू नका. दुसऱ्याला सांगितलं, वेळेचं बंधन नाही, कॅलरी मोजून एक चतुर्थांश कमी करा. तिसरा गट नेहमीसारखा. वर्षाअखेर तिसऱ्याच्या तुलनेत पहिल्याचं वजन सुमारे साडेचार किलोंनी कमी, दुसऱ्याचं सुमारे साडेपाच; संख्याशास्त्राच्या हिशोबात दोघांत दखल घेण्याजोगा फरक नाही. मोजणाऱ्यांइतकंच न मोजणाऱ्यांचंही उतरलं! टाळ्या वाजवायला हरकत नाही. पण पुढचं ऐका. घड्याळ पाळणारे दिवसाला सुमारे चारशे कॅलरी कमी खात होते, जवळपास मोजणाऱ्यांइतक्याच. त्यांनी मोजल्या नाहीत, कमी मात्र झाल्या. रात्री ८ नंतरचा चिवडा बंद झाला, त्यासोबत त्यातल्या कॅलरीही गेल्या.

आणि कमी झाल्या नाहीत तर? सॅन फ्रान्सिस्कोत ११६ जणांवर १२ आठवडे हेच १२ ते ८चं वेळापत्रक लावून पाहिलं, २०२०मध्ये छापून आलं. तीन वेळा नियमित खाणाऱ्यांच्या तुलनेत फरक नगण्य. म्हणजे जादू घड्याळात नाही. दोन जेवणांत चार जेवणांचं भरून काढता येतं, आणि हे मराठी माणसाला सांगायला संशोधन कशाला हवं? 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपलीच. उपासाला दिवसातून एकदाच खाल्लं, पण खाल्ली ती साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट आणि तूप घालून, वर बटाट्याचा कीस.

मग दर दोन तासांनी खाणाऱ्यांचंही वजन कसं उतरतं? आमचं म्हणणं असं, की दोन्ही पक्ष आपापल्या वाटेनं एकाच शत्रूला घराबाहेर काढतात, तो म्हणजे चहासोबतचं नकळत खाणं. दीक्षितांच्या घरात मधल्या वेळचं खाणंच बंद, म्हणून बिस्किटं बंद. दिवेकरांच्या घरात मधल्या वेळी केळं नाहीतर शेंगदाणे, म्हणून बिस्किटं बंद. केविन हॉल यांनी अमेरिकेत २० माणसांना चार आठवडे दवाखान्यात ठेवून पाहिलं: दोन आठवडे कारखान्यात बनलेलं अतिप्रक्रियायुक्त अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं, दोन्हीकडे हवं तेवढं खा. कारखान्याच्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे पाचशे कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत जवळपास किलोभर वाढली. कुणी त्यांना जास्त खा म्हटलं नव्हतं. स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांवर वर्षभर असाच प्रयोग झाला, एका गटाला स्निग्ध कमी, दुसऱ्याला कर्बोदकं कमी, मोजणी कुणालाच नाही, भाज्या भरपूर आणि साखर-मैदा कमी दोघांनाही. उतरलं सरासरी ५.३ आणि ६ किलो. पक्ष कुठला, याला फारसं महत्त्व उरलं नाही.

तेव्हा न मोजता वजन उतरतं, हे खरं. 'कॅलरीला महत्त्व नाही' हे मात्र त्यातून निघत नाही. हा फरक आम्ही इतका ताणून धरतो, कारण दुसऱ्या वाक्यावर विसंबलेला माणूस सहा महिन्यांनी वजन अडलं की स्वतःलाच दोष देतो. नियम तर पाळतोय, मग माझ्यातच काही खोट असणार! कॅलरी मोजणाऱ्याचा वैताग निदान आकड्यावर निघायचा. न मोजणाऱ्याचा वैताग स्वतःवर निघतो.

दुसरा आक्षेप 'विनासायास' या शब्दाला. आयास कुणाचे? पद्धत पाळणारा बहुधा घरातला पुरुष असतो, निदान आमच्या पाहण्यात. त्याला दुपारी एकला नि संध्याकाळी सातला ताट हवं. आधी सॅलड, मग मोडाची उसळ, मग पोळी-भाजी. कडधान्य आदल्या दिवशी भिजत घालायचं, बांधायचं, काकड्या कापायच्या. मुलांचं वेगळं, सासूबाईंचं वेगळं. मोजणीचा वैताग गेला आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईच्या वाट्याला आला. आणि ती स्वतः? ती सगळ्यांच्या मागून जेवते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या आढळल्या, पण जवळपास १९ टक्के कमी वजनाच्याही होत्या आणि ५७ टक्क्यांना रक्तक्षय होता. एकाच घरात दोन टोकं असू शकतात. घरातल्या सगळ्यांनी मिळून दोन जेवणांवर यायचं ठरवलं, की ज्या बाईला खरं तर जास्त खायची गरज आहे तीही उत्साहानं कमी खाऊ लागते. हा दोष डॉक्टरांचा म्हणणार नाही आम्ही. एक नियम सगळ्यांना लावण्याचा आपला जो सोस आहे, त्याचा आहे.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, इशारा आहे, आणि तो जरा जोरात देतो. सभागृहात मधुमेहाच्या गोळ्या घेणारे असतील. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिनचं इंजेक्शन चालू असताना जेवणं अचानक दोनवर आणली, तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ, बेशुद्धी. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चार ओळींच्या तक्त्यात हे नसतं. जेवणाची वेळ बदलायची तर गोळीचा डोसही डॉक्टरांकडून बदलून घ्यावा लागतो, आणि तो आधी. साखर खाली गेली असेल, तर त्या क्षणी ५५ मिनिटांचा नियम मोडून साखर तोंडात टाकायची, लाजायचं नाही.

चिठ्ठ्या आल्यात, त्यातली एकच घेतो. 'मोजायचं नाही, घड्याळावरही विसंबायचं नाही, मग करायचं काय?' रास्त प्रश्न आहे.

आमचं उत्तर असं: ताटात मोजू नका, किराण्याच्या यादीत मोजा. महिन्यातून एकदा, दहा मिनिटांत होतं. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे ४२ मिलिलिटर, म्हणजे सुमारे ३८ ग्रॅम येतं. त्याच्याच जवळपास साडेतीनशे कॅलरी झाल्या. ते साडेतीन लिटरवर आणलं तर माणशी शंभर कॅलरी गेल्या, आणि कुणाच्या ताटाकडे कुणी डोळे वटारले नाहीत. साखरेचंही तसंच. चार माणसांना महिन्याला तीन किलो म्हणजे रोज माणशी २५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची जास्त कडक शिफारस आहे तीही साधारण तेवढीच, पण त्यात बाहेरची मिठाई, बिस्किटं, सरबतं धरलेली असतात. तेव्हा तुमचं घर पाच किलोंवर असेल तर सुरुवात कुठे करायची, ते डबाच सांगेल. बिस्किटांचे पुडे आणि फरसाणही त्याच यादीत लिहा. ते सहसा यादीत नसतात, येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून येतात, म्हणून तर कुणाला आठवत नाहीत.

आणि ही यादी घरातल्या पुरुषानं करावी, अशी आमची सूचना आहे. वाणसामान आणायलाही त्यानंच जावं. पिशव्या घेऊन चालत गेला तर रोजच्या चालण्यातलं थोडं तिथंच होईल.