वाऱ्याची सरासरी आणि रब्बीची मोटार

दिवाळीत ताडकळसला गेले होते तेव्हा चुलत्यांनी विचारलं, "समुद्रात पवनचक्क्या लावणार म्हणे सरकार. मग आपल्याकडं दिवसा लाईट राहील का?" मी सवयीनं ग्रिड समजावून सांगायला लागले. गुजरातच्या समुद्रातली वीज पूर्णा तालुक्यातल्या डीपीपर्यंत येऊ शकते. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची लाईन सुरू झाली, दक्षिणेचं जाळं बाकी देशाला जोडलं गेलं आणि तेव्हापासून सगळा देश एकाच 50 हर्ट्झवर चालतो. वीज कुठं तयार झाली हा प्रश्न मग तितकासा उरत नाही. ते सगळं ऐकून ते म्हणाले, "ते झालं. पण कधी येईल? रब्बीत येईल का?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर शोधताना माझ्या लक्षात आलं की सरकारी कागदांत याचं उत्तर नीट दिलेलंच नाही. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी थोडा इतिहास, पटकन. डेन्मार्कनं 1991 मध्ये विंडेबी इथं समुद्रात पहिल्या 11 पवनचक्क्या उभ्या केल्या. आपलं सागरी पवनऊर्जा धोरण आलं 2015 मध्ये. 2018 मध्ये उद्दिष्ट जाहीर झालं: 2022 पर्यंत 5 गिगावॉट, 2030 पर्यंत 30 गिगावॉट. 2022 सरलं तेव्हा आपल्या समुद्रात वीज देणारी एकही पवनचक्की नव्हती. मग 19 जून 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळानं 7453 कोटींची योजना मंजूर केली. त्यातले 6853 कोटी गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर प्रत्येकी 500 मेगावॉट उभारण्यासाठी आणि 600 कोटी दोन बंदरांच्या कामासाठी. भागाकार करून बघा, मेगावॉटमागे जवळजवळ 6.85 कोटी, आणि हे नुसतं अनुदान. एवढं देऊनही 2025 मध्ये गुजरातची निविदा रद्द करावी लागली.

टीका करणारे बहुतेक जण इथंच थांबतात. महाग आहे, विषय संपला. मला तो मुद्दा अर्धवट वाटतो. महाग वीजसुद्धा नेमक्या वेळी मिळाली तर परवडते. त्यामुळं खरी अडचण वेळेची आहे, आणि योजनेच्या घोषणेत वेळ कुठंच नाही. तिथं एक आकडा आहे: या 1000 मेगावॉटमधून वर्षाला सुमारे 372 कोटी युनिट. म्हणजे क्षमतेच्या साधारण 42 टक्के. आकडा चांगलाय. पण 'वर्षाला' या शब्दाखाली बरंच काही झाकलं जातं.

ते कसं? वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा आठपट. समजा, एका जागी वर्षाची सरासरी सेकंदाला 7.5 मीटर आहे. ती दोन प्रकारे येऊ शकते: वर्षभर सारखा 7.5, किंवा सहा महिने 5 आणि सहा महिने 10. सरासरी दोन्हीकडं तीच. पण घन काढा: 5 चा 125, 10 चा 1000. दुसऱ्या जागी वर्षातली जवळजवळ 89 टक्के ऊर्जा जोराच्या सहा महिन्यांतच गोळा होते. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. पण 7.5 उगीच निवडलेला नाही. खंभातच्या आखातात पिपावावजवळ नोव्हेंबर 2017 मध्ये लायडार बसवला (लेझर सोडून वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र), त्याच्या पहिल्या वर्षाची सरासरी शंभर मीटरच्या आसपास उंचीवर साधारण एवढीच आली. उत्तर समुद्रात ती 10 च्या घरात असते, म्हणून तिकडचं गणित इकडं चिकटवता येत नाही.

आणि आपल्याकडं जोराचे महिने कोणते, हे सांगायला पीएचडी लागत नाही. जून, जुलै, ऑगस्ट. नैऋत्य मोसमी वारा. त्याच काळात आमच्याकडं मोटारी बंद असतात (पाऊस पडला तर!). गव्हाला, हरभऱ्याला पाणी लागतं नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हाच थ्री फेजची ओढाताण, तेव्हाच रात्रीची पाळी, काकडा आणि बॅटरी घेऊन बांधावर जाणं. नेमका तेव्हा खंभातचा वारा पडलेला असतो.

याचा अर्थ योजना वाईट असा मी काढत नाही. सागरी वाऱ्याच्या बाजूनं आमच्याच भागातलं एक उदाहरण आहे. 2015 मध्ये पाणी नाही म्हणून परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. पवनचक्कीला पाणी लागत नाही. सौर कृषी वाहिनीची वीज संध्याकाळी संपते, वारा सूर्यास्त बघून थांबत नाही. शिवाय मन्नारच्या आखातात हिवाळी ईशान्य वाऱ्यांमुळं वर्षात दुसरा, थोडा लहान जोर येतो. आमच्या रब्बीसाठी लांबचा तमिळनाडू जवळच्या गुजरातपेक्षा जास्त उपयोगी ठरू शकतो. पण अनुदान देताना दोन्हीकडचा मेगावॉट एकसारखाच धरलाय, 500 आणि 500. मला हे खटकतं.

आणखी एक शक्यता कोयनेची. पश्चिमेकडं वीजनिर्मितीसाठी वर्षाला 67.5 टीएमसी पाणी वापरायची मर्यादा आहे, त्यामुळं प्रत्येक टीएमसी कधी सोडायचा हा निवडीचा प्रश्न असतो. पावसाळ्यात समुद्राच्या वाऱ्यावर भागवलं तर तेवढं पाणी हिवाळ्यातल्या संध्याकाळसाठी राखता येईल. म्हणजे जुलैचा वारा जानेवारीत वापरला. अर्थात ऑगस्टमध्ये धरण भरून दरवाजे उघडले असतील तर राखायचं काय आणि कुठं? म्हणून हे हिशोबानंच ठरेल, आणि तो हिशोब फक्त वर्षाच्या बेरजेवर होत नाही.

लायडारच्या नोंदी दर दहा मिनिटांच्या सरासरीनं होतात. त्यातून महिनाच काय, तासाचंही चित्र काढता येतं. तरी लोकांसमोर आणि अनुदानाच्या समर्थनात येतो तो एकच वार्षिक आकडा. माझी मागणी फार मोठी नाही. 372 कोटी युनिटच्या जागी बारा आकडे द्या, जानेवारी ते डिसेंबर, आणि शेजारच्या रकान्यात त्या त्या महिन्याची राज्यांची मागणी.

चुलत्यांना मी शेवटी सांगितलं, "काका, जुलैत भरपूर येईल." ते हसले आणि रात्रीची पाळी होती म्हणून बॅटरी चार्जिंगला लावायला उठले.