पाहुण्यांनी घडवलेला अवयव

एड याँग यांचे ‘आय कंटेन मल्टिट्यूड्स’ हे प्राण्यांच्या शरीरातील सूक्ष्मजीवांविषयीचे इंग्रजी पुस्तक २०१६ साली प्रसिद्ध झाले. शिक्षकांनी ते अवश्य वाचावे असे आम्ही म्हणू. मात्र एका तक्रारीसह.

आम्हांला सर्वांत भावला तो हवाई बेटांजवळच्या बॉबटेल स्क्विडचा भाग. आपल्या कोकणातल्या माकुलाचा हा चिमुकला दूरचा नातलग. मार्गारेट मॅकफॉल-नाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्यावर अनेक वर्षे काम केले आहे. अंड्यातून बाहेर येते तेव्हा पिल्लाच्या प्रकाश-इंद्रियात एकही जिवाणू नसतो. इंद्रियाच्या बाहेर पक्ष्माभिकांनी भरलेली उपांगे हलत असतात. समुद्राच्या पाण्यात जिवाणू नाना जातींचे. पण आत घर मिळते ते फक्त व्हिब्रिओ फिशेरी या प्रकाश देणाऱ्या जिवाणूला. तो आत गेला, की काही दिवसांत ती उपांगे विरून जातात! या जिवाणूविना वाढवलेल्या पिल्लांत मात्र ती तशीच राहतात. म्हणजे अवयवाची घडण पुरी व्हायला प्राण्याची स्वतःची जनुके पुरत नाहीत. गंमत अशी, की हा बदल घडवणारा एक रेणू डांग्या खोकल्याच्या जिवाणूचे विष म्हणून आधीच ठाऊक होता. २००४ साली त्याचे हे दुसरे काम उघड झाले.

आता तक्रार. प्रयोग कसा रचला, तुलनेला कोणता गट ठेवला, हे शिक्षकाला हवे असते आणि नेमके तेथे याँग घाई करतात. २००६ साली जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत जंतुविरहित उंदरांना लठ्ठ उंदरांच्या आतड्यातील जिवाणू दिले गेले. सडपातळ उंदरांचे जिवाणू मिळालेल्यांपेक्षा त्यांच्या अंगात चरबी अधिक साठली. यावरून माणसाच्या लठ्ठपणाचे कारण सापडले असे होत नाही. जंतुविरहित उंदराची प्रतिकारयंत्रणाच पुरती वाढलेली नसते. याँग सावध आहेत, हे कबूल. पण त्यांचे इशारे त्यांच्याच रंगतदार गोष्टींखाली दबतात.

शरीरात पेशींच्या दसपट जिवाणू, हा आकडा आम्हीही व्याख्यानांतून बिनदिक्कत सांगत असू. २०१६ सालचा अंदाज सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी पेशी असा आहे. पुस्तकानेही जुना आकडा बाजूला ठेवला आहे.

वर्गात हा विषय घेताना स्क्विडपासून सुरुवात करावी आणि फळ्यावर आधी जिवाणूविना वाढलेल्या पिल्लाची आकृती काढावी.